छेद तोच ठेवून

'दुधाची तहान ताकावर भागवणे' हा वाक्प्रचार मराठीत कधीही कौतुकाने वापरला जात नाही. कोणी हापूस परवडला नाही म्हणून पायरी आणली, शहरात फ्लॅट जमला नाही म्हणून गावाबाहेर प्लॉट घेतला, की तो हळूच पुढे सरकवला जातो आणि त्यात एक बारीकसा कुत्सितपणा असतो. पण त्याच घरांत, त्याच तोंडांनी, 'गेलं त्याचा विचार करू नये, हातात आहे त्याकडे बघावं' असंही सांगितलं जातं. हे मात्र शहाणपण म्हणून. दोन्हीकडे कृती एकच आहे. हवं होतं ते मिळत नाही, म्हणून मिळतंय त्यात सुख मानायचं. मग ती एकदा हसण्यावारी न्यायची आणि एकदा डोक्यावर घ्यायची, हे कसं?

हा प्रश्न मला गेली काही वर्षं सोडत नाही. त्याला वैयक्तिक कारण आहे, ते पुढे येईलच.

महाभारतातली अश्वत्थाम्याची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. द्रोणांच्या घरी गाय नाही. श्रीमंतांची मुलं दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा रडतो, मुलं त्याला पाण्यात पीठ कालवून देतात आणि ते पिऊन 'मी दूध प्यायलो' म्हणत तो नाचायला लागतो. त्या क्षणी तो सुखी होता, यात शंका नाही. त्याचा नाच खोटा नव्हता. तरीही ते सुख आपल्याला सहन होत नाही, आणि द्रोणांना तर अजिबात झालं नाही. तिथून ते द्रुपदाकडे जातात आणि पुढचं सगळं वैर सुरू होतं. आपल्याला खुपतं ते त्याला दूध मिळालं नाही एवढंच नाही. दूध म्हणजे काय हेच त्या पोराला कळू दिलं गेलं नाही, हे जास्त खुपतं.

दुसऱ्या टोकाला इसापचा कोल्हा. त्याला द्राक्षं माहीत आहेत, पण हाताला लागत नाहीत म्हणून तो त्यांचीच किंमत कमी करतो. यॉन एल्स्टर या नॉर्वेजियन विचारवंताने १९८३ साली या कोल्ह्यावरूनच नाव दिलेलं एक पुस्तक लिहिलं, 'सावर ग्रेप्स'. त्यातली मला पटलेली गोष्ट अशी, की असं जुळवून घेणं मनाच्या पाठीमागे, नकळत घडतं. कोल्हा थापा मारत नसतो. त्याला खरोखरच द्राक्षं नकोशी झालेली असतात.

म्हणजे एकजण पिठाच्या पाण्याला दूध म्हणतो, दुसरा गोड द्राक्षांना आंबट म्हणतो. मला शोध आहे तो तिसऱ्याचा: जो ताक पितो, त्याला ताकच म्हणतो, दूध चांगलं असतं हे विसरत नाही आणि तरीही ताकाचा घोट घेताना त्याचा चेहरा पडलेला नसतो. असा माणूस असू शकतो का?

माणूस सापडायच्या आधी मला एक यान सापडलं. इंजिनिअर असल्यामुळे असेल.

'नासा'चं गॅलिलिओ यान ऑक्टोबर १९८९ मध्ये गुरूकडे निघालं. खरं तर ते १९८६ मध्येच निघायचं होतं. पण त्या जानेवारीत चॅलेंजरचा अपघात झाला आणि सगळंच लांबलं. या काळात यान ट्रकवर चढून कॅलिफोर्निया ते फ्लोरिडा अशा फेऱ्या करत राहिलं. त्याची मुख्य अँटेना छत्रीसारखी मिटलेली होती: अठरा काड्या, त्यांवर ताणायची सोन्याचा मुलामा दिलेली बारीक जाळी, उघडल्यावर व्यास ४.८ मीटर. ट्रकच्या हादऱ्यांनी काही काड्यांवरचं कोरडं वंगण घासून गेलं असावं, असा पुढे निष्कर्ष निघाला. ११ एप्रिल १९९१ रोजी अंतराळात छत्री उघडण्याचा हुकूम गेला आणि ती अर्धवट, वाकडी उघडून अडकली.

या छत्रीतून सेकंदाला १ लाख ३४ हजार बिट येणार होते. उरली ती छोटी अँटेना. गुरूच्या अंतरावरून तिचा वेग सेकंदाला ८ ते १६ बिट. हा आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगते: आपण वापरतो त्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतलं एक चिन्ह २४ बिट घेतं. म्हणजे नुसता 'क' पाठवायला दीड ते तीन सेकंद. आणि यानाने पाठवायची होती गुरूच्या चंद्रांची छायाचित्रं.

पुढे जे झालं ते मी कित्येकदा वाचलं आहे. पहिली गोष्ट, त्यांनी लगेच 'असेल त्यात भागवू' म्हटलं नाही. यान उन्हाकडे वळवून तापवलं, सावलीत नेऊन गार केलं, म्हणजे धातू प्रसरण-आकुंचन पावून काड्या सुटतील. शेवटी छत्रीची मोटर हातोड्यासारखी ठोकून पाहिली, १३ हजारांहून जास्त वेळा. हे जवळपास दोन वर्षं चाललं. छत्री उघडली नाही. त्याच सुमारास दुसरीकडे, छत्री कधीच उघडणार नाही असं धरून काम सुरू झालं होतं. यान उडत असताना त्याचं सॉफ्टवेअर नव्याने लिहिलं गेलं, माहिती दाबून बसवण्याच्या नव्या पद्धती आल्या, निरीक्षणं टेपवर साठवून आठवडेच्या आठवडे थेंबाथेंबाने पाठवायची योजना झाली, पृथ्वीवरच्या अनेक मोठ्या अँटेना एकत्र जोडून कान टवकारले गेले. वेग कमाल १६० बिटपर्यंत नेला. डिसेंबर १९९५ मध्ये यान गुरूपाशी पोचलं, सप्टेंबर २००३ पर्यंत चाललं, आणि युरोपा या चंद्राच्या बर्फाखाली खारा समुद्र असावा याचा भक्कम पुरावा त्यानेच दिला.

पण मला सगळ्यात जास्त आवडतो तो एक आकडा. ठरवलेल्या वैज्ञानिक उद्दिष्टांपैकी सुमारे ७० टक्के साधली, असं त्यांनी सांगितलं. शंभर नाही. 'छोट्या अँटेनातून जेवढं शक्य होतं त्याच्या शंभर टक्के' असंही म्हणता आलं असतं, आणि ते खोटं ठरलं नसतं. आमच्या क्षेत्रात तिमाहीच्या शेवटी अशी वाक्यं सर्रास लिहिली जातात. त्यांनी अंश मिळेल तेवढा वाढवला. छेद मात्र मूळचाच ठेवला. गुरूच्या ढगांचं सलग चित्रण होणार होतं, ते राहिलं, आणि ते राहिलं अशी नोंद राहिली.

आता माझं कारण. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. दृष्टिपटलावरच्या प्रकाशपेशी हळूहळू मरत जातात. बहुधा आधी कमी उजेडात काम करणाऱ्या, त्यामुळे सुरुवात रातांधळेपणाने होते आणि मग नजर कडेकडून आत मिटत येते. जगात साधारण चार हजारांत एकाला असतो. एका विशिष्ट जनुकातल्या दोषावर २०१७ पासून उपचार आहे. माझा दोष दुसऱ्या जनुकात आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी निदान झालं, आता मी अठ्ठावीस वर्षांची आहे.

निरोगी माणसाला समोर बघताना दोन्ही डोळे मिळून आडवं जवळजवळ १८० अंश दिसतं. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश व्यापते. माझ्याकडे सध्या दीड मूठ आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० ते १० अंशांमध्ये अल्पदृष्टी आणि दहाच्या खाली अंधत्व अशी रेघ आहे, म्हणजे पुढच्या रेघेपर्यंत अर्धी मूठ. वर्षातून एकदा फील्ड टेस्ट होते. हनुवटी टेकवून बसायचं, मंद ठिपका चमकला की बटण दाबायचं. मग नकाशा छापून येतो. त्यातला काळा भाग मी मागच्या वर्षीच्या कागदावर ठेवून खिडकीच्या उजेडात बघते. डॉक्टर म्हणतात, असं करू नका, दोन टेस्टमध्ये थोडा फरक पडतोच. मी करते.

जे गेलं त्याची यादी मी कमी करून सांगणार नाही. स्कूटर गेली, आणि पुण्यात स्कूटर जाणं म्हणजे काय हे पुणेकरांना सांगायला नको. रात्रीचे ट्रेक गेले. चांदण्यात कड्यावर बसून खालच्या गावातले दिवे बघणं ही मी केलेल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक होती, आणि 'रात्री तसंही काय दिसतं' असं मी स्वतःशी कधी म्हणायला लागले, तर माझा कोल्हा झाला असं समजावं.

जे उरलं तेही सांगते, कारण त्यात काही मजेशीर गोष्टी आहेत. लोकांना वाटतं मला अक्षरं मोठी लागत असतील. उलट आहे. माझी मधली नजर अजून शाबूत आहे, त्यामुळे अक्षरं जितकी बारीक तितक्या जास्त ओळी दीड मुठीत मावतात. शेजारचा सहकारी माझा स्क्रीन बघून म्हणतो, 'अगं, मुंगीच्या अक्षरात काय वाचतेस?' एका वेळी फंक्शनचा थोडाच भाग दिसतो म्हणून बाकीचा डोक्यात धरावा लागतो, आणि तो धरायची सवय लागल्यापासून एखाद्या मोठ्या, गुंतागुंतीच्या मॉड्यूलमध्ये शिरायला मला पूर्वीसारखी धास्ती वाटत नाही. दुपारभर त्यात बुडून वर आल्यावर जे वाटतं, त्याला मी बिनदिक्कत सुख म्हणते. ते स्कूटरच्या बदल्यात मिळालेलं नाही. स्कूटर असती तरी हवंच होतं.

इथे एका जुन्या अभ्यासाची आठवण काढावीशी वाटते, कारण तो फार चुकीचा सांगितला जातो. १९७८ साली फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेली २२ माणसं, अपघातात हातपाय लुळे पडलेली २९ माणसं आणि २२ सर्वसाधारण माणसं यांना सुखाबद्दल विचारलं. 'काही काळाने लॉटरीवाले आणि अपघातग्रस्त सारखेच सुखी होतात' असा त्याचा निष्कर्ष भाषणांतून ऐकवला जातो. प्रत्यक्षात पाचपैकी गुण होते: लॉटरीवाले ४, सर्वसाधारण ३.८२, अपघातग्रस्त २.९६. सारखे अजिबात नाहीत. मात्र गप्पा मारणं, नाश्ता, एखादा विनोद ऐकणं अशा रोजच्या गोष्टींतला आनंद विचारला, तेव्हा अपघातग्रस्तांचे गुण लॉटरीवाल्यांपेक्षा किंचित जास्तच होते. आणि आपल्या पूर्वीच्या आयुष्याला त्यांनी तिन्ही गटांत सर्वांत जास्त गुण दिले. हाच तो तिसरा माणूस, असं मला वाटलं. 'आधीही काही खास नव्हतं' असं तो म्हणत नाही, आणि आजच्या चहालाही नावं ठेवत नाही. गट लहान होता, त्यावरून फार ताणू नये. पण भाषणांतल्या सोयीच्या गोष्टीपेक्षा ही मला जास्त खरी वाटते.

या विषयावर बोलताना एपिक्टेटसला टाळून जाता येत नाही. रोमन साम्राज्यात गुलाम म्हणून वाढलेला, पायाने अधू, पुढे स्वतंत्र होऊन शिक्षक झालेला हा माणूस. त्याने स्वतः काही लिहिलं नाही. आरियन नावाच्या शिष्याने टिपून ठेवलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: काही गोष्टी आपल्या ताब्यात असतात, काही नसतात, ज्या नसतात त्यांच्यावर आपलं सुख टांगू नये. शरीरसुद्धा त्या दुसऱ्या रकान्यात. मला हे वाचताना आधार वाटतो, आणि थोड्या वेळाने अडचण वाटायला लागते. त्याच्या हिशेबात माझी नजर छेदातच नाही. ती कधी माझी नव्हतीच, मग गेली म्हणायचं काय? पण मी ती वीसेक वर्षं पुरेपूर वापरली आहे. दुसरी अडचण अशी, की ताब्यात आणि ताब्याबाहेर यांच्यातली रेघ आखलेली मिळत नाही. छत्री उघडणार नाही हे त्या लोकांना मोटर तेरा हजार वेळा ठोकल्यावर कळलं. पहिल्याच दिवशी शांतपणे मान डोलावली असती तर ते स्थितप्रज्ञ ठरले असते, पण रेघ कुठे आहे हे कळलं नसतं.

आणि ती रेघ आखतं कोण? या प्रश्नाने माझी झोप खरी उडवली. डोळ्यांच्या बाबतीत एका जनुकाने आखली, त्याच्याशी भांडता येत नाही. पण बऱ्याच रेघा माणसांनी आखलेल्या असतात, आणि समाधानाचा उपदेश त्या रेघांवर सर्वांत जास्त होतो.

अमर्त्य सेन यांनी १९४४ मधल्या एका पाहणीचा दाखला दिला आहे. बंगालच्या दुष्काळानंतर कलकत्त्याजवळच्या सिंगूरला विधवा आणि विधुर यांना तब्येतीबद्दल विचारलं गेलं. जवळजवळ निम्म्या विधुरांनी तब्येत बरी नसल्याचं सांगितलं. विधवांमध्ये असं सांगणाऱ्या अगदी मोजक्या होत्या. त्या काळच्या बंगाली विधवेचं खाणंपिणं आणि जगणं माहीत असलेल्या कोणालाही त्या विधुरांपेक्षा निरोगी होत्या असं वाटणार नाही. आपली तब्येत ही तक्रार करण्याजोगी गोष्ट आहे, हेच त्यांच्या मनातून गेलं होतं. त्यांचा छेद दुसऱ्यांनीच छाटून ठेवला होता.

आपल्याकडे गोदूबाई अशाच लहानपणी विधवा झालेल्या. त्या परिस्थितीत 'उरलेलं' काय होतं? माहेरचं किंवा सासरचं स्वयंपाकघर, आणि देव. त्यात सुख मानणाऱ्या हजारो होत्या आणि त्यांना समंजस म्हटलं जाई. गोदूबाई मुंबईला येऊन पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई झाल्या. मुरूडने या दोघांना बराच काळ वाळीत टाकलं. 'माझे पुराण' मध्ये त्यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे. त्यांच्यासारख्या बायकांनी शक्य आहे त्यावर लक्ष दिलं असं म्हणता येईल. पण काय शक्य आहे हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकून घेतलं नाही.

मला मावशीचं एक वाक्य आठवतं. माझ्या लग्नाचा विषय निघाला होता. ती प्रेमाने, माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, 'बाळा, आता तू फार अटी घालू नकोस गं. जे शक्य आहे त्यात चांगलं बघू.' मी म्हटलं, 'मावशी, डोळ्यांचं कमी झालंय. आवडीनिवडीचं नाही.' ती गप्प झाली; रागावली नाही. पण तिच्या मनात दीड मुठीचा नकाशा माझ्या सगळ्या आयुष्यावर कसा सहज पसरला होता, हे मला त्या दिवशी दिसलं. आईचं उलट. ती म्हणते, 'अगं, अजून दिसतंय ना तुला, मग काठी कशाला आत्तापासून?' तिला पांढरी काठी म्हणजे शेवट वाटतो. मला ती संध्याकाळी सातनंतर एकटीने घरी येण्याचं साधन वाटते. यावर आमचं अजून एकमत नाही, आणि ती फाटकापाशी उभी राहायची थांबलेली नाही.

कामाच्या जागी ही रेघ रोज हाताला लागते. मोठे दस्तऐवज मी आता स्क्रीन रीडरने ऐकते. एनव्हीडीए नावाचं जे मोफत सॉफ्टवेअर मी वापरते ते मायकल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ साली लिहायला घेतलं, कारण बाजारातली सॉफ्टवेअर्स सामान्य अंध माणसाला परवडत नव्हती. माझ्या पिढीच्या कानात बसलेला तो रोबोटसारखा आवाज मला आता आवडतो. पण फोनवर पैसे पाठवायचं एखादं अ‍ॅप उघडावं आणि फोन म्हणतो, 'बटण, लेबल नाही. बटण, लेबल नाही.' सहापैकी पैसे पाठवायचं कोणतं? ते लेबल लिहायला माझ्यासारख्या कोणाला तरी एक ओळ लागली असती. त्या बटणांपुढे बसून 'जे शक्य आहे त्यात समाधान' म्हणणं म्हणजे पिठाचं पाणी पिऊन नाचणं. तिथे मी तक्रार नोंदवते, स्क्रीनशॉट जोडते, पंधरा दिवसांनी पुन्हा आठवण करते. आमच्या टीममध्ये लेबल नसलेलं बटण आता रिव्ह्यूमध्ये अडतं. लोक वैतागतात. त्यांचा वैताग मला समजतो, पण मी ती अट काढलेली नाही.

दिवसातला बराचसा वेळ मात्र या हिशेबात जात नाही, हेही सांगायला हवं. छेद एकदा लिहून ठेवला की तो रोज उघडून बघावा लागत नाही. फील्ड टेस्टचे कागद एका फाइलमध्ये आहेत, फाइल कपाटात आहे.

सध्या मी ब्रेल शिकते आहे. शिकवणारे सर जन्मांध आहेत. ते म्हणाले, नजर असताना शिकायला आलात, तर आधी डोळे मिटा, नाहीतर बोटं आळशी राहतात. भारती ब्रेलमध्ये 'क' आणि इंग्रजी 'के' एकच, ठिपका एक आणि तीन, हे कळल्यावर मला शाळकरी आनंद झाला. एका घरात सहा ठिपके, म्हणजे सहा बिट. माझं बोट सेकंदाला जेमतेम एक घर ओलांडतं. गॅलिलिओच्या छोट्या अँटेनाचा सर्वांत कमी वेगही याच्या पुढे होता. गेल्या रविवारी एका बैठकीत दीड पान झालं. 'ष' दर वेळी अडतो.